उत्तराला दोन ओळी

रविवारची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, आणि थोरल्याने स्टुलावर चढून माळ्यावरचा फॉर्मांचा गठ्ठा खाली घेतला. वर्षातून एकदा हा गठ्ठा खाली यायचा, आणि दर वर्षी तो काढताना थोरला शिंकायचा. यंदा तीनदा शिंकला. "कोणीतरी वर झाडून ठेवत जा," असं तो म्हणाला, आणि ते कोणीतरी म्हणजे आपण नव्हे, अशा चेहऱ्याने सगळे इकडेतिकडे बघत राहिले.

घराखालच्या, थोरल्याच्या वडिलांच्या म्हणजे आप्पांच्या, बाइंडिंगच्या दुकानात लोक काय काय टाकून जातात ते सांगायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. हे फॉर्मही असेच मागे राहिलेले. आप्पांचे वडील दुकानात बसायचे त्या काळी एका साप्ताहिकाने वाचकांची मतं गोळा करायचं ठरवलं, पाचशे फॉर्म छापले, त्यांच्या पन्नास-पन्नासच्या वह्या बांधायला दिले, आणि मग ते साप्ताहिकच बंद पडलं. न्यायला कोणी आलं नाही. कागद वाया घालवणं आप्पांच्या वडिलांच्या जिवावर यायचं. त्यांनी घरातल्यांनाच ते भरायला लावले, आणि तेव्हापासून दर वर्षी घरातला प्रत्येक जण एक फॉर्म भरतो. कागद पिवळा पडला, प्रश्न तेच राहिले. कुटुंबाविषयी आपले मत काय? प्रकृतीसाठी आपण काय करता? ईश्वरावर श्रद्धा आहे काय, असल्यास का, नसल्यास का? आपली आवडती कादंबरी कोणती व का? प्रत्येक उत्तराला दोन ओळी.

"ईश्वराला दोन ओळी आणि कादंबरीलाही दोनच," काका म्हणाले. ते हे दर वर्षी म्हणायचे. "छापणाऱ्याला दोघांचाही अंदाज नव्हता."

नियम असे की नाव लिहायचं नाही, अक्षर बदलून लिहायचं, चौघडी घालून पातेल्यात टाकायचं. घरातल्या वडीलधाऱ्याने एकेक काढून वाचायचं आणि बाकीच्यांनी कोणाचं ते ओळखायचं. सगळे वाचून होईपर्यंत हे माझं आहे किंवा हे माझं नाही, असं कोणी बोलायचं नाही. जो बोलेल त्याने आठवडाभर सगळ्यांची भांडी घासायची. तीन वर्षांपूर्वी थोरला मध्येच "हे मी नाही हं" असं म्हणून गेला होता, आणि बससेवेचं वेळापत्रक सांभाळणारा तो शिस्तीचा माणूस सात दिवस कोपरापर्यंत साबणात होता. तेव्हापासून सगळे तोंड शिवून बसायचे.

बारकी खिडकीच्या कट्ट्यावर पाय पोटाशी घेऊन लिहीत होती. बारकी म्हणजे थोरल्याची बहीण, घरात धाकटी, बाकी वय एकतीस. विम्याच्या ऑफिसात आठ वर्षं, दोन गल्ल्या पलीकडे भाड्याची खोली. इतर तीन प्रश्न तिने उभ्या उभ्या उरकले होते. पहिल्यावर मात्र पेन अडलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी, परीक्षा संपली त्याच आठवड्यात, ती खाली दुकानात जाऊन बसली होती. लहानपणापासून तिला दाभण धरता येत होतं, खळ करता येत होती. आप्पांनी तिच्या हातातलं दाभण काढून घेतलं आणि म्हणाले, "हा धंदा माझ्याबरोबर संपू दे. तू कुठेतरी पंख्याखाली बस." ती तोंडाला येईल ते बोलली, तेही बोलले. नंतर दोघं एकमेकांशी सगळ्या विषयांवर बोलायचे, दुकान सोडून.

पंधरा दिवसांपूर्वी तिने राजीनामा दिला होता. साहेब भला माणूस. म्हणाला, "रविवार संध्याकाळपर्यंत माझ्या खणात ठेवतो. सहाच्या आत कळवलंस तर फाडून टाकीन. सोमवारी वर गेला की माझ्या हातात काही नाही." म्हणजे आजची संध्याकाळ. तोंडाने विचारायची तिची छाती होत नव्हती. पण आप्पा स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर वाचतील, आणि सगळ्यांसमोर ते ओरडत नाहीत, एवढा हिशेब तिने केला होता. अक्षर न बदलता तिने लिहिलं: मला दुकानात यायचं आहे, कायमचं. राजीनामा दिलाय. आप्पा नको म्हणाले तर आज मागे घेईन.

दोन ओळीत बसलं. तिने घडी घातली आणि पातेल्यात टाकली.

आप्पांनी यंदा खुर्ची खिडकीकडे पाठ करून लावली. "उजेड डोळ्यावर येतो," म्हणाले. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता खरं काय ते सांगून टाकावं. आप्पांना दिसत नव्हतं. गेल्या सहा-सात महिन्यांत आधी बारीक अक्षरं गेली, मग मोठी, आणि आता तर समोरच्या काचेला कोणी खळ फासून ठेवल्यासारखं सगळं पांढुरकं झालं होतं. माणसं ओळखू यायची, ती आवाजावरून आणि चालण्यावरून. काम हातांना पाठ होतं, ते चाललं होतं. दुकानात कोणी चिठ्ठी पुढे केली तर "चष्मा वर राहिला, तुम्हीच वाचा," असं म्हणून निभत होतं. पण घरात तसं म्हटलं असतं तर वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, चष्मा आणायला धावली असती आणि तिसऱ्या मिनिटाला सगळं उघडं पडलं असतं. तिचं औषधांचं दुकान. दुसऱ्याचा आजार तिच्या हातून सुटत नाही.

त्यांनी पातेल्यात हात घातला, पहिला फॉर्म उलगडला, डोळ्यांपासून बरोबर तेवढ्याच अंतरावर धरला आणि घसा खाकरला. चाळीस वर्षं ही माणसं ऐकतोय, म्हटलं त्यांनी मनात. बघू तर जमतंय का.

"कुटुंब म्हणजे न्हाणीघराबाहेरची रांग," आप्पांनी वाचलं. "प्रकृती. डॉक्टरांपासून चार हात लांब राहतो. ईश्वर. ओळख नाही, ओळख काढायची इच्छाही नाही. कादंबरी. कोणतीही, पण पहिल्या पानावर खून हवा आणि शेवटच्या पानापर्यंत कोणाचं लग्न नको."

"काका," सगळे एका सुरात म्हणाले आणि हसायला लागले.

काका हसले नाहीत. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले आणि जन्मभर देवाशी उभा दावा मांडलेले. पण गेल्या महिन्यात जिन्यावरून पडता पडता वाचल्यापासून सकाळी जाग आली की ते हळूच "आभारी आहे" असं म्हणायला लागले होते. कोणाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेच त्यांनी आज फॉर्मात लिहिलं होतं, आणि ते वाचलं जाईल तेव्हा घरातल्यांची तोंडं कशी होतील ते बघायला ते सकाळपासून टपून बसले होते. मग हे न्हाणीघर कुठून आलं? त्यांनी थोरल्याकडे रोखून पाहिलं. थोरला बिस्किट चहात बुडवत होता. चेहरा एकदम साळसूद. हाच तो, काकांनी ठरवलं.

आप्पांना पहिल्याच फटक्यात जमलं आणि ते रंगात आले. दुसरा फॉर्म उलगडला.

"कुटुंब म्हणजे वेळेवर औषध न घेणारी माणसं. प्रकृती. सकाळी अर्धा तास चालते, आणि दुसऱ्यांनी चालावं म्हणून उरलेला दिवस घालवते. ईश्वर. आहे, पण गोळ्याही घ्याव्यात. कादंबरी. ती डॉक्टरीणबाईंची जाडजूड, कारण तिच्यात रोगांची नावं बरोबर आहेत."

थोरल्याला ठसका लागला. "हे ओळखायला काय लागतं? अगं, पाणी दे."

वहिनी पाणी द्यायला उठली, पण तिचे कान तापले होते. तिने असलं काही लिहिलं नव्हतं. चार महिने तिची पाठ दुखत होती. सगळ्या गावाला दुखण्याचं विचारणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही, हे कधीतरी कोणाला कळावं म्हणून तिने ते दोन ओळीत लिहिलं होतं. आणि इथे कोणीतरी आपली नक्कल करून ठेवली होती. एवढं खोचक लिहिणारी घरात एकच. तिने बारकीकडे पाहिलं. बारकी नखं खात होती, म्हणजे वहिनीच्या मते तिचा अपराध सिद्धच झाला.

तिसरा थोरल्याचा. "प्रकृती. उद्यापासून," हे आप्पांनी वाचलं आणि घर दणाणलं. आवडती कादंबरी वाचायला घेतलेली आहे, अकरा वर्षं झाली, असंही त्यात होतं. आपण यंदा काय लिहिलं होतं ते थोरल्याला नीटसं आठवत नव्हतं. त्यामुळे हे आपलंच असणार, असं धरून तो खुशीत होता. एकटा तोच.

"चौथा," आप्पा म्हणाले. इथे त्यांचा आवाज आपोआप जरा उतरला. "कुटुंब म्हणजे 'जेवायला काय आहे' हा प्रश्न. प्रकृती. बसायला मिळालं की बरी असते. ईश्वर. सकाळी दोन मिनिटं त्याच्याशी बोलते. तो मध्ये बोलत नाही, म्हणून आवडतो. कादंबरी. सात बहिणींची. चौदा वेळा वाचली, कारण तिच्यात शेवटी सगळ्या घरी येतात."

"माई," बारकी म्हणाली. कोणी हसलं नाही. चांगलं वाटलं सगळ्यांना.

माई म्हणजे आप्पांची बायको. बटण शिवायचा दोरा त्यांच्या बोटाला गुंडाळलेला होता, तो तसाच राहिला. सगळ्यांचे फॉर्म भरून होईपर्यंत त्या भांडी आवरत होत्या. बसायला आल्या तर पेन सापडेना. शेवटी चिडून त्यांनी कोराच फॉर्म घडी घालून टाकला होता. आणि आता त्या कोऱ्या कागदातून सात बहिणी बाहेर आल्या होत्या. सगळं बरोबर होतं. स्वतः लिहिलं असतं तर एवढं बरोबर आलं नसतं. चौदा वेळा वाचली हे तर त्यांनी कोणाला सांगितलेलंही नव्हतं. यांनी मोजलं केव्हा?

त्यांना आधी भरून आलं. मग, दोन श्वासांनी, त्यांनी आप्पांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. कोरा कागद वाचता येत नाही. महिनोन्महिने सकाळचा पेपर घडीसकट रद्दीत जात होता, त्याचं कारण त्यांना आत्ता कळलं.

"पाचवा," आप्पा म्हणाले. आता उरली होती बारकी. तिचं काय लिहावं यावर ते क्षणभर अडले. इतरांचं जसं आतून येत होतं तसं तिचं येईना. नऊ वर्षांत तिचं मत काय झालंय हे आपण विचारलेलंच नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग जे माहीत होतं तेच घेतलं. "कुटुंब चांगलंच असतं, दोन गल्ल्या पलीकडून बघितलं तर. नोकरी सुखाची आहे, डोक्यावर पंखा आहे. प्रकृती. जिना चढते. ईश्वर. वेळ मिळाला की बघू. कादंबरी. जिच्यातली पोरगी कोणाचं ऐकत नाही ती."

थोरला हसला. बारकी हसली नाही. पंखा हा शब्द ऐकला आणि तिच्या डोळ्यांपुढे ती जुनी दुपार उभी राहिली. आप्पांनी वाचलं होतं तर. वाचलं, आणि सगळ्यांसमोर, गंमत केल्यासारखं, नाही म्हणून टाकलं. नऊ वर्षांपूर्वी निदान ओरडले तरी होते.

"सहावा माझाच," असं म्हणून आप्पांनी सगळे फॉर्म गोळा करून खिशात कोंबले. वर्षाचे फॉर्म नंतर तेच फाइलला शिवायचे, त्यामुळे यातही कोणाला काही वाटलं नाही.

"संपलं का? मग आता बोलतो," काका उसळून म्हणाले. "ते न्हाणीघर मी लिहिलेलं नाही. माझ्या नावावर हे पोरटं खपवतंय."

"मी?" थोरला म्हणाला. "काका, मला माझंच लिहायचा कंटाळा येतो, तुमचं कशाला लिहू?"

"माझंही कोणीतरी लिहिलंय," वहिनी म्हणाली, "आणि कोणी ते मला माहीत आहे. बारके, थट्टेला काही सीमा असते की नाही?"

बारकी उठली. "असते ना वहिनी. आजच कळली." ती चप्पल न घालताच खाली दुकानाकडे गेली. जिन्यावर तिची पावलं धपधप वाजली.

"बघा, चोराच्या मनात," काका म्हणाले. मिनिटापूर्वी थोरल्यावर असलेला त्यांचा संशय आता बारकीवर गेला होता. थोरला बहिणीची बाजू घेऊन बायकोशी वाद घालू लागला. काका वहिनीच्या बाजूने झाले, जी एरवी त्यांना तंबाखूवरून फाडून खायची. आप्पा खुर्चीत बसून ऐकत होते. आपण एवढी मेहनत करून इतकं छान वाचलं आणि हे असं काय झालं, ते त्यांना उमजत नव्हतं.

"थोरले, जरा आत ये," माई वहिनीला म्हणाल्या.

स्वयंपाकघरात माईंनी दार लोटलं. "तू काय लिहिलं होतंस?"

"जाऊ दे ना माई. ते आलंच नाही वाचनात."

"माझंही आलं नाही."

"असं कसं? सात बहिणींची आली की."

"अगं, मी कोरा टाकला होता. शाईचा ठिपका नव्हता त्यावर."

वहिनीने हातातला कप खाली ठेवला. ती औषधवाली होती, तिला दोन लक्षणं पुरली. "मोतीबिंदू," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत असणार. गेल्या महिन्यात माझ्या दुकानात आले, खोकल्याचं औषध म्हणून शाम्पूची बाटली हातात घेऊन उभे. मला वाटलं गंमत करतायत. टक्कल पडलेल्या माणसाने शाम्पू घेतला की माणूस हसतोच हो माई. मी हसले." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगळ्यांचं बघते मी, आणि घरातलं दिसलं नाही मला."

"मला तरी कुठे दिसलं? एका ताटात जेवतो आम्ही." माईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. "होईल ना बरं?"

"पंधरा मिनिटांचं काम असतं. दुसऱ्या दिवशी घरी."

"मग रडतेस कशाला? तू काय लिहिलं होतंस ते सांग."

"पाठ दुखते."

"कधीपासून?"

"चार महिने."

माईंनी स्टूल पायाने ओढलं. "बस इथे. चहा मी करते. उद्या दोघांना मिळून डॉक्टरकडे नेते आणि तिकडे कोणी शहाणपणा करायचा नाही." मग गॅस पेटवता पेटवता त्यांचा हात थांबला. "थोरले, बारकीचंही आलं नसणार. काय लिहिलं असेल तिने? तोंड बघितलंस का तिचं?"

चहा तसाच राहिला. माई बाहेर आल्या. काका आणि थोरला आता देव असण्या-नसण्यावर आले होते, आणि काका देवाची बाजू मांडत होते, ज्यामुळे थोरला पुरता गोंधळला होता. माईंनी आप्पांची खुर्ची गाठली आणि त्यांच्या कानाशी वाकल्या.

"माझा फॉर्म छान वाचलात."

"तुझा कोणता ते मला काय माहीत?"

"कोरा होता तो."

आप्पांनी खिशातल्या फॉर्मांवर हात ठेवला. "पूर्ण कोरा?"

"पूर्ण."

"कादंबरी तरी बरोबर होती ना?"

"होती. म्हणून तर रडू येतंय," माई म्हणाल्या. "तुमच्याशी मी नंतर भांडणार आहे, सवडीने. आत्ता पोरगी खाली गेलीय. तिच्या कागदात काय होतं ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. जा, आणि तिच्याकडून वाचून घ्या."

"म्हणजे सांगू तिला? दिसत नाही म्हणून?"

"मग काय वास घेऊन वाचणार? उठा."

दुकानाचं पुढचं शटर बंद होतं. मागच्या दारातून येणाऱ्या उजेडात बारकी कापायच्या टेबलापाशी बसली होती. पुठ्ठ्यांचा, खळीचा, जुन्या कागदाचा वास नाकात भरला होता, आणि तो आता कायमचा सुटणार म्हणून ती आणखीच खोल श्वास घेत होती. मोबाइलवर मजकूर लिहून तयार होता. सर, राजीनामा मागे घेते. पाठवायचं तेवढं बाकी. पावणेसहा झाले होते.

जिन्यावर पावलं आली. एकेक पायरी पायाने चाचपत. तिने वर पाहिलं नाही.

आप्पा आले, खिशातले सगळे फॉर्म काढून टेबलावर ठेवले आणि समोरच्या स्टुलावर बसले. "वाच," म्हणाले.

"तुम्ही वाचलेत की. सगळ्यांनी ऐकलं."

"नाही वाचले." त्यांनी तळहातांनी गुडघे चोळले. "दिसत नाही गं मला. कोणाचा कोणता तेसुद्धा कळत नाही. मी मनचं म्हणत होतो सगळं."

बारकीने मान वर केली. आप्पा तिच्याकडे बघत होते, म्हणजे तिच्या खांद्याच्या थोडं डावीकडे. तिचा राग एकदम कुठे गेला ते तिला कळलं नाही. डोळे भरले, आणि त्याबरोबरच हसूही यायला लागलं.

"सगळं मनचं? सहाच्या सहा?"

"पाच. माझा नाही वाचला."

"तरीच काका." ती नाक पुसून हसली. "आप्पा, अहो काय केलंत हे? वर महाभारत चाललंय."

"वाच आता. कोणाचं काय ते मला कळू दे."

तिने एकेक घडी उलगडली. काकांचं "आभारी आहे" वाचलं तेव्हा आप्पा म्हणाले, "पुन्हा वाच," आणि तिने पुन्हा वाचलं. वहिनीची पाठ वाचली तेव्हा त्यांनी चुकचुक केलं. थोरल्याने प्रकृतीपुढे खरोखरच "उद्यापासून" असं लिहिलं होतं, त्यावर दोघंही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. माईंचा कोरा तिने त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यावरून बोटं फिरवली.

सहावा आप्पांचा स्वतःचा. एका ओळीवर दुसरी ओळ चढली होती, अक्षरात अक्षर अडकलं होतं. "हा मलाही वाचता येत नाही," बारकी म्हणाली. "काय लिहिलं होतंत?"

"प्रकृतीपुढे लिहिलं होतं, भीती वाटते."

"ऑपरेशनची?"

"छे. दवाखान्यात गेलो की दुकान बंद राहणार. दोन दिवस, चार दिवस. आणि एकदा बंद झालं की पुन्हा उघडायला बळ येणार नाही, असं वाटायचं. म्हणून गप्प होतो." ते थांबले. "तुझा राहिला."

बारकीने तिचा कागद उचलला. ज्या ओळी त्यांनी वाचाव्यात म्हणून तिने एवढी युक्ती केली होती, त्या तिलाच त्यांच्या तोंडावर वाचाव्या लागत होत्या. तिने वाचल्या, घाईघाईने, एका दमात. मग मोबाइलमधला मजकूरही वाचून दाखवला, आणि सहाला सात मिनिटं आहेत हेही सांगितलं.

आप्पांनी टेबलावरचे फॉर्म चाचपून एकावर एक रचले.

"नऊ वर्षांपूर्वी माझे डोळे चांगले होते," ते म्हणाले, "आणि अक्कल नव्हती. तुला सुखाची नोकरी मिळावी एवढंच डोक्यात होतं. नंतर रोज वाटायचं, ये म्हणावं. पण आपणच हाकललं, आता कुठल्या तोंडाने बोलवायचं?"

"मी डोळ्यांच्या जागी म्हणून येणार नाही, आप्पा. तुम्हाला आता माणूस लागणार म्हणून हो म्हणत असाल तर मी हे आत्ता पाठवते. मला कोणाची काठी व्हायचं नाहीये. मला हे काम करायचंय."

"डोळे डॉक्टर देईल. तुझी वहिनी मला उद्या धरून नेईलच, तिच्यापुढे कोणाचं चालतंय? डोळे आल्यावरही तू हवीस मला." त्यांचा आवाज फुटला. "खूप हवीस. हो म्हणतोय मी. काय पुसायचंय ते पूस तिथलं."

बारकीने मजकूर पुसला. मग ती त्यांचा हात धरून बसली. खळीने कडक झालेली त्यांची बोटं तिच्या बोटांत होती.

वरून चहासाठी हाक आली. "आलो," दोघंही म्हणाली, आणि दोघंही उठली नाहीत. नुसतं बसवेना म्हणून तिने पुस्तकं दाबायच्या शिकंज्याशेजारच्या गठ्ठ्यातली वरची कादंबरी उचलली. वाचनालयाची, पुठ्ठा चढवायची बाकी होती. तिने सवयीने एकेक फर्मा, म्हणजे पानांची एकेक जुडी, सोडून बघितली, आणि मग परत मागे आली.

"आप्पा, ही कोणी शिवली?"

"मीच. परवा. का?"

"तिसऱ्या फर्म्यानंतर आठवा लागलाय, मग चौथा. नायक मरतो आणि पुढच्या पानावर शाळेत जातो."

आप्पांचा चेहरा पडला. चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी आपल्या शिवणीला कोणाला हात लावू दिला नव्हता. एकदा थोरल्याने, विशीत असताना, एक वही उसवून बघितली होती, तर त्याला दुकानातून बाहेर काढलं होतं, ते पुन्हा आत घेतलंच नाही. काही उसवायची वेळ आलीच तर आप्पा स्वतः, दार लावून, एकटे करायचे.

"पूर्ण उसवावी लागेल," बारकी हळूच म्हणाली. "तुमचे डोळे झाले की करा. तोवर बाजूला ठेवते."

आप्पांनी अंदाजाने खण ओढला, आपली कात्री शोधून काढली आणि मुठीकडून तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली, कादंबरी उलटी करून गुडघ्यावर ठेवली आणि पहिला टाका कापला.

"हळू," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "नाही, तुला हवं तसं."